मांसाचा रस्सा आणि डब्यातली पूड

उखाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. नंदुरबारच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो चूल पेटवी. भिजत घातलेलं मांस उकळायचं, चरबी काढायची, फडक्यातून गाळायचं. पिळायचं नाही, पिळलं की रस्सा गढूळ. मग त्यात मीठ आणि अगर नावाचा समुद्रशेवाळाचा डिंक विरघळवायचा, सगळं वाफेवर निर्जंतुक करून काचेच्या बशांत ओतायचं. गोठलं की डॉक्टर शांतीलाल त्यावर रोग्याच्या शौचाचा नमुना तारेच्या टोकानं रेघेसारखा ओढत. हगवणीचे जंतू तिथं वाढत आणि रोग कळे.

उखा जवळच्या रनाळे गावचा. घर माळकरी. मांस उकळणाऱ्याला मुलगी कोणी दिली नाही. रविवारी तो भावाकडे जेवायला जाई, तर कौसावहिनी त्याला चुलीजवळ येऊ देत नसे.

"भाऊ, तुम्ही वट्टावर बसा. ताट भायेर आनी देस."

"मी ते मटन खास का? नुस्तं उकाळस."

"हातले वास ई ऱ्हायना ना! जंतूस्ले भाकर-भाजी चालत नही का?"

भाऊ आत जेवत राही. उखा बाहेर.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मुंबईहून रश्श्याऐवजी वापरायच्या तयार पुडीचा डबा आला. पाण्यात उकळली की झालं. "पूड चांगली निघाली तर तुझा हंडा बंद," डॉक्टर म्हणाले. प्रत्येक नमुना रश्श्याच्या आणि पुडीच्या अशा दोन्ही बशांवर ओढायचा ठरला. उखानं बशा ओतल्या, दोन्ही सारख्या जाडीच्या. पूड जिंकावी असं त्याला फार वाटे. हात मात्र कुठं ढिला पडला नाही.

महिन्यानं डॉक्टरांनी त्याला दोन बशा दाखवल्या. एकाच बाईचा नमुना. रश्श्याच्या बशीवर जंतूंचे फिकट ठिपके. पुडीची बशी कोरी.

"पूड कडक आहे. बाकीचे जंतू मारता मारता हगवणीचेही मारते. नुसती पूड असती तर या बाईला बरी म्हणून घरी धाडलं असतं."

उखा कोऱ्या बशीकडे बघत राहिला. "म्हणजे मांस आणावं लागेल."

"आणावं लागेल."

संध्याकाळी तो खाटकाकडे गेला.

वहिनीला त्यानं काही सांगितलं नाही. हळूहळू रविवारचं जाणं कमी झालं, मग सणापुरतं उरलं. आठ वर्षं पगारातून मागं टाकून त्यानं स्टेशनामागं एक खोली घेतली. विटांच्या भिंती, वर पत्रा. भाऊ येऊन नारळ फोडून गेला. आत चूल उखानं स्वतः मांडली, भाकरी थापायला शिकला, आणि चुलीला लागून बसून जेवू लागला.