मागून उघडा गाऊन
कोऱ्या सुती कापडाचा वास आला की मला पांढुर्ण्याच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. पेशंटचे गाऊन बाहेरून न मागवता गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायांकडूनच घ्यायचे, असं दवाखान्यानं ठरवलं होतं. नमुना पसंत पडला तर काम माझं. मी गाऊन मागून छान बंद शिवून नेला, तर मोठ्या सिस्टरबाईंनी तो उसवायला लावला. "मागून उघडाच लागते बाई, झोपल्या पेशंटले घालता आला पाहिजे." मी विचारलं, "अन् पेशंट बाथरूमले कसा जाईन?" त्या म्हणाल्या, "तूच घालून पाहा, काही होत नाही." मी पडद्याआड साडी सोडली, परकर-पोलक्यावर गाऊन चढवला आणि बाहेर आले, तोच मोठे डॉक्टर पाहुण्यांना आणि फोटोवाल्याला घेऊन आत शिरले. मी झटकन भिंतीला पाठ लावली. "ताई, अशा मध्ये या," डॉक्टर म्हणाले. "साहेब, मी इथंच बरी हाव." "अहो, काम तुमचं, फोटोही तुमचाच!" शेवटी माझ्यानं राहवलं नाही. "साहेब, तुमी हा घालून नदीपल्याडच्या सावरगावपर्यंत जाऊन या, मंग मी मधात येतो." सिस्टरबाई पदराआड हसू लागल्या. डॉक्टरांना उशिरा उमगलं, आणि ते कानापर्यंत लाल झाले. मग तेच पाहुण्यांना घेऊन माझ्या बाजूला आले. गाऊनला मागं एकावर एक येणारे दोन पदर लावायचं ठरलं आणि काम मला मिळालं. आज माझ्याकडं तीन बाया शिवतात. तो फोटो दवाखान्याच्या दाराशी लावलाय. त्यात आम्ही सगळे भिंतीला पाठ चिकटवून असे ओळीनं उभे आहोत, की बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी आमची उंची मोजून राहिलंय.