मुलुंडचा डिस्को मालकंस

आमच्या वहिनीच्या धाकट्या भावाइतका पापभीरू पापी मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्याचं पाप एकच, शास्त्रीय संगीताला तो डिस्कोचा ठेका लावायचा. स्टुडिओत सिंथेसायझर वाजवणं हा त्याचा पोटाचा धंदा. ऐंशी सालानंतर एका कॅसेटवाल्यानं त्याच्याकडून रागांच्या पॉप धुना करून घेतल्या आणि मध्यरात्रीचा मालकंस मुलुंडच्या रिक्षांतून भर दुपारी कंबर हलवत फिरू लागला.

बरं, नुसता पापी असता तरी सुखी झाला असता. पण राग शिकला होता घाटकोपरच्या एका बुवांकडे, आणि गुरूची आठवण झाली की कान धरायचा, ही सवय हाडीमाशी मुरलेली. रेकॉर्डिंगमध्ये बुवांनी शिकवलेली एखादी जागा आली, की याचा हात पट्ट्यांवरून थेट कानाला! सुरावट तिथेच लंगडी. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडायचा, "अरे यार, कान घरी ठेवून ये ना!" घरी सिंथेसायझरला आईच्या जुन्या इरकलीची खोळ होती आणि रोज उदबत्ती ओवाळली जाई. एकदा ठिणगी पडून खोळीला भोक पडलं, तर यानं दिवसभर उपास केला.

कॅसेट निघाल्यापासून मात्र बुवांसमोर जायची त्याची छाती होईना. गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन घाटकोपरला जाई आणि गल्लीच्या तोंडाशीच मागे फिरे. त्या नारळाच्या वड्या आम्ही खात असू. "बुवांनी ऐकलं तर माझी वाट लागली रे," असं म्हणायचा. पण त्यांनी ऐकावं म्हणून जीव तुटत होता त्याचा, हे आम्हाला दिसत होतं.

मग एका गणपतीत आमच्या सोसायटीनं बुवांचं गाणं ठेवलं. बुवा मंडपात शिरायला आणि कर्ण्यावर डिस्को मालकंस सुरू व्हायला एकच गाठ पडली. हा वायर उपटायला धावला.

"राहू दे," बुवा म्हणाले आणि उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकत राहिले. "कुणाचा रे हा उद्योग?"

"माझा, बुवा."

"धावतोय फार. वेळही चुकलीय. पण आहे मालकंसच." मग स्टेजकडे वळत म्हणाले, "चल, मागे तंबोऱ्याला बस."

बुवा गायला लागले आणि मागे याचे डोळे वाहू लागले. पुसायचे तर तंबोरा थांबवावा लागला असता, म्हणून त्यानं ते तसेच वाहू दिले. बुवा आता नाहीत, रिक्षांतले ते टेपही गेले. मला मात्र अजून कुठे मालकंस ऐकू आला की तो ओला चेहरा आठवतो आणि उगाचच बरं वाटतं.