वैनीची सुरगाठ

फोन आला तेव्हा मी कातळावर गोधड्या पसरत होते. भाद्रपद सरत आला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरं ऊन पडलं होतं. चार महिने घरात कोंडलेला कुबट वास एकदाचा बाहेर काढायचा म्हणून सकाळपासून माझी धांदल चाललेली. माझ्या थोरल्या जावेला, म्हणजे वैनीला, रत्नागिरीच्या इस्पितळात ठेवलं होतं. तिच्यापाशी आम्ही आळीपाळीनं बसत होतो, आणि माझी पाळी संपवून मी आदल्याच संध्याकाळी गावी परतले होते. फोनवर दादा होते, तिचे यजमान. त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. "सुमन... गेली गो ही," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. बरं काय? पण तोंडातून तेच निघालं. मग हातातली गोधडी नीट पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि तिथंच खाली बसले. कोपऱ्यांवर दगड ठेवायलाही मला तिनंच शिकवलं होतं.

मी मूळची घाटावरची, कराडकडची. लग्न होऊन आले ती थेट पोफळीच्या वसाहतीत, कारण हे तिथं वीजघरात नोकरीला. सासरचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. तिथं वैनी एकटी राहायची. एकटी म्हणजे सासूसासरे, दोन म्हशी आणि भाताची खाचरं सांभाळून एकटी. दादा मुंबईला कंपनीत. ते यायचे गणपतीला आणि शिमग्याला. मी मात्र दर वर्षी भातकापणीला मदत म्हणून गावी जायची, आणि मदत कसली, नुसती कुरकुर करायची. कोकणातला तो दिवाळीआधीचा उकाडा मला जन्मात सोसला नाही. अंगाला घामाची चिकचिक, भाताच्या पातीनं हातांना खाज, वर सूर्य नुसता आग ओकतोय. मी पदरानं वारा घेत बसायची आणि वैनी माझ्याकडे बघून हसायची. "घाटावरची बाय वितळली गो," म्हणायची.

तिला मात्र वर्षातले तेच दिवस सगळ्यात प्यारे. पाऊस सरला की ही बाई फुलायची. दोरीवरचा टॉवेल कडकडीत वाळला, तरी तिला त्याचं कौतुक! चार महिने ओलसर कपडे चुलीवर धरून वाळवलेले असायचे ना... तो कडक टॉवेल ती गालाला लावायची आणि मला हाका मारायची, "सुमन, ये बग, पापड झालाय पापड!" मी हातातलं काम टाकून धावत जायची, तर दाखवायला काय, टॉवेल. दुपारी तापलेल्या कातळाला पाठ टेकून चहा पिणं हे तिचं सुख. पहिल्या पिकल्या भोपळ्याचे घारगे हे दुसरं. त्यातला शेवटचा घारगा ती सगळ्यांदेखत डब्यात लपवायची आणि विचारलं तर साफ नाही म्हणायची. संतबिंत नव्हती ती. भांडायला बसली की समोरच्याचं तोंड बंद करायची, रेडिओ इतका मोठ्यानं लावायची की म्हशी बिथरायच्या, आणि ऐकणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. मी म्हणायची, "वैनी, तुम्हाला टॉवेल वाळल्याचा आनंद होतो, मग लॉटरी लागली तर काय कराल?" ती म्हणायची, "लाटरी काय रोज लागते? टावेल रोज वाळतो."

पण तिचा खरा सण म्हणजे नवं. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कोजागिरीच्या दिवशी आमच्याकडे शेतातल्या भाताच्या नव्या लोंब्या आणतात. त्यांच्याबरोबर नाचणीचं कणीस, झेंडू आणि कुरडूचं फूल आंब्याच्या पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधतात आणि ती जुडी दाराला लावतात. दाराला, देवघराला, विहिरीच्या रहाटाला, गोठ्याला. गेल्या वर्षीची जुडी सोडायची आणि त्या जागी नवी बांधायची. एवढंच. इतर घरांत पाच-सहा जुड्यांत काम भागतं. वैनी टोपलीभर जुड्या वळायची. जे जे आपल्यासाठी राबतं त्याला नवं बांधायचं, हा तिचा कायदा, आणि त्या कायद्यातून कुणाची सुटका नव्हती. केरसुणीला नवं. मिक्सरला नवं. ह्यांच्या स्कूटरला, गॅसच्या शेगडीला, पाण्याच्या नळाला. ह्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र आलं, त्या वर्षी त्याच्या पट्ट्यालाही. वाडीत येणाऱ्या एसटीच्या आरशाला ती नवं बांधून यायची, आणि ड्रायव्हर ते दिवाळीपर्यंत मिरवायचा. मी वैतागायची. फ्रिज उघडला की तांदळाचे दाणे फरशीवर! "फ्रिजला कशाला वैनी?" म्हटलं, तर म्हणाली, "वरीसभर थंडीत उबा ऱ्हायलाय बिचारा. त्याचा आबार मानायचा का नाय?"

आणि ती गाठ. तिची गाठ नेहमी सुरगाठ असायची. एक टोक लोंबतं ठेवायची, ते ओढलं की सबंध जुडी हातात यायची. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून चांगल्या घट्ट निरगाठी मारल्या होत्या, पुढल्या कोजागिरीला त्या विळीनं कापाव्या लागल्या. तिला ते मुळीच आवडलं नाही. "वाऱ्यापावसात सुटता नये, पन सोडायचं म्हटलं तर एका ओडीत सुटलं पायजेल," म्हणाली. "त्यानं वरीसभर राखन केलान. जाताना त्याला कापून काडतेस व्हय?" सोडलेल्या जुड्या ती तळहातांवर चुरायची, उरलेसुरले दाणे अंगणात फेकायची आणि कोंबड्यांना हाका मारायची. जुनं सोडताना मी तिला कधी हळहळताना पाहिलं नाही.

एका वर्षी टोपलीत एक जुडी उरली. सगळ्यांना बांधून झालं होतं. मी गमतीत ती तिच्या अंबाड्याला बांधली. म्हटलं, सगळ्यात जास्त राबतं ते हे. मला वाटलं, काढून टाकेल. पण ती आरशापुढे जाऊन मान वाकडी करकरून बघून आली आणि कामाला लागली. दुपारी रेशनच्या दुकानात तशीच गेली. बायका हसल्या तर त्यांना म्हणाली, "आमच्या धाकलीनं बांदलान. तुमाला हाय का कोन बांदनारं?" रात्री अंबाडा सोडताना जुडी उशाशी ठेवली आणि सकाळी पुन्हा केसांत खोवली. दाणे मानेवरून गळून संपेपर्यंत ती उतरवली नाही. तिचा तो तोरा आत्ता लिहितानाही दिसतोय, आणि डोळे भरून येतायत... असो.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही तिच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. दादाही मुंबईहून कायमचे आले. म्हातारपणी आम्ही दोघी जावा एका अंगणात आलो, हे माझं भाग्य. कराडच्या माझ्या बहिणीपेक्षा ती मला जवळची होती, हे तिला मी बोलून दाखवलं नाही. पण तिला ते माहीत होतं, यात शंका नाही.

यंदा गणपतीनंतर, खाचरातलं तण काढताना तिला ताप आला. चिखलात उभं राहून येतो तो, लेप्टोचा. दोन दिवस अंगावर काढला, आणि गुहागरला नेईपर्यंत मूत्रपिंडं बंद पडत आली होती. तिथून रत्नागिरी. वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर ती पडलेली असायची, हाताला सुई, बाजूला सलाइनचा स्टँड. डोळे पिवळे झाले होते, पण बोलणं बंद नव्हतं. मी पाळीला गेले की पहिला प्रश्न, "भात कुटवर आलं?" चिकात आलंय, म्हटलं. म्हणजे दाण्यात नुसतं दूध भरलं होतं, कापायला अजून पुष्कळ अवकाश. ती म्हणाली, "येताना दोन लोंब्या आन. आनी आंब्याचं पान." मी म्हटलं, "वैनी, हिरव्या आहेत. कोजागिरी लांब आहे." "म्हायत हाय मला," ती म्हणाली. "तू आन."

आणल्या. घरच्या खाचरातल्या, तिनं स्वतः लावलेल्या. तिनं एक दाणा नखानं दाबला, पांढरा चीक आला तो जिभेला लावला. "ग्वाड हाय," म्हणाली. झेंडू नाही, कुरडू नाही, नाचणी नाही. सुई लावलेला हात उचलत नव्हता, म्हणून एका हातानं आणि दातांनी तिनं त्या दोन लोंब्या पानात गुंडाळल्या. दोरा मी माझ्या पर्समधला दिला. मी पुढं झाले तर माझा हात तिनं बाजूला सारला. सलाइनच्या स्टँडला, तिच्या डोळ्यांसमोर येईल असं, तिनं ते नवं बांधलं. सुरगाठ मारली, टोक लोंबतं ठेवलं. सिस्टरनं आधी भुवया उंचावल्या. वैनी तिला म्हणाली, "रातध्याड उबा ऱ्हाऊन राबतोय गो माज्यासाटी. त्याचा आबार मानायचा का नाय?" सिस्टर हसली आणि राहू दिलं. मला हसू आलं नाही. कोजागिरीला ती नसणार हे तिनं ओळखलंय, एवढं मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि मी थर्मास धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले. ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या पाळीला दादा आले, मी एसटीत बसले, आणि सकाळी फोन आला.

तिला घरी आणण्याच्या गडबडीत ते नवं तिथंच राहिलं. मी ते तिच्या अंबाड्यात खोवणार होते. तिला न्हाऊ घालताना, केस विंचरताना मी पिशवीत हात घातला, तर टॉवेल, कंगवा, थर्मास, सगळं होतं आणि तेच तेवढं नव्हतं. दादांनाही विचारून पाहिलं. त्यांना तरी काय सुचणार होतं? पुढचे दिवस मला दुसरं काही आठवेना. माणूस गेलं ते गेलं, पण तिच्या हातची ती शेवटची गाठ कुणीतरी कचऱ्यात टाकली असेल, या विचारानं मी रात्री उठून बसायची.

कोजागिरी आली. घरात वर्षभर सण नाही, म्हणून यंदा नवं बांधायचं नाही. वाडीत दारोदारी ताज्या लोंब्या झुलत होत्या आणि आमच्या दारांवर गेल्या वर्षीच्या, दाणे चिमण्यांनी टिपून नेलेल्या, नुसता पेंढा आणि दोरा. तिच्या हातचं काहीच सोडावं लागणार नाही, याचं मला बरं वाटलं. तीच गोष्ट तिला मुळीच आवडली नसती, हेही कळत होतं. दादा ओटीवर बसून समोरच्या दाराकडे बघत होते. "ही असती तर ह्ये असलं वाळकं ठेवलान नसतं," म्हणाले आणि आत गेले.

मागल्या आठवड्यात ह्यांचे डोळे तपासायला रत्नागिरीला गेलो. खरं कारण मी ह्यांना एसटीत सांगितलं. हे इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मी वॉर्डात गेले. खिडकीजवळच्या त्याच खाटेवर वयानं वैनीएवढीच एक बाई होती. बाजूला तोच स्टँड, वर नवी बाटली, आणि बाटलीखाली वैनीचं नवं. आंब्याचं पान तपकिरी पडून वळलं होतं, लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. मी बोटांनी दाबून पाहिल्या, दाणे पोचट होते. भरायच्या आधीच तोडलेल्या ना त्या. सुरगाठ मात्र जशीच्या तशी, टोक लोंबतं. मी ते टोक चिमटीत धरलं.

"तुमी बांदलंव काय ह्ये?" खाटेवरून आवाज आला. बाई जागी होती.

"आमच्या जाऊबाईंनी."

"सिस्टर काडीत होती, मीच म्हटलं ऱ्हाऊ दे. डोला उगडला का ह्येच दिसतं. घरात असल्यावानी वाटतं." मग तिनं विचारलं, "बऱ्या झाल्या त्या? घरी गेल्या?"

तिच्या हाताला तशीच सुई होती. डोळे तसेच पिवळे.

"हो," मी म्हटलं. "घरी गेल्या."

"मंग मी पन जाईन," ती म्हणाली आणि पुन्हा त्या नव्याकडे बघत पडून राहिली.

एका ओढीत सुटलं असतं. मी चिमटीतलं टोक सोडलं, वाकडं झालेलं पान सरळ केलं आणि बाहेर आले. ह्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "नाही मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं. "पण ते अजून कामावर आहे." आणि त्या बाकावर, ह्यांच्या शेजारी बसून, वैनी गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर रडले.