सोप्या मराठीत वेसकर

“लाइनबॅकर म्हणजे सोप्या मराठीत वेसकर. वेशीवर उभं राहायचं, परक्याला आत सोडायचं नाही. यांच्या घराण्यात हे काम पूर्वीपासूनच आहे, नाही का हो?”

जपानमधल्या इचिकावातील सभागृहात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हे ध्वनिवर्धकावरून बोलले. दिवाळीचा कार्यक्रम. सत्कार माझा. शाल त्यांनीच नुकती माझ्या खांद्यावर घातली होती. सभागृह हसले. तोयोसूच्या कार्यालयात माझ्या शेजारी बसलेले अभियंतेही हसले.

पहिल्या रांगेतून माझ्या लहान मुलीने जपानीत विचारले, “बाबा, वेसकर म्हणजे काय?”

त्या वर्षांत भारतातून संगणक अभियंते जथ्याने जपानला येत होते. मीही तसाच आलो. मुंबईत कबड्डी खेळलो होतो. कंपनीच्या अमेरिकन फुटबॉल संघाने माझी पकड पाहिली आणि संगणकावरून उठवून मला खेळाडू म्हणून करारावर घेतले. लाइनबॅकर बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहतो, समोरच्यांची चाल वाचतो आणि ओरडून आज्ञा देतो. माझ्या हाकेवर दहा जपानी गडी जागा बदलत. त्यांच्यापैकी कोणी माझ्या आडनावाची चौकशी केली नाही. मंडळात ती पहिल्याच भेटीत झाली होती.

माझे आजोबा वेसकर होते. महार म्हणून ते काम त्यांच्यावर जन्मानेच लादले गेले. गावाची वेस त्यांनी राखायची. गावाच्या विहिरीला मात्र हात लावायचा नाही. याला अस्पृश्यता म्हणतात, आणि संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ती नष्ट केली आहे. अध्यक्षांना हे ठाऊक होते. म्हणूनच तो शब्द त्यांना नेमका सापडला.

मी शाल काढली. घडी करून टेबलावर ठेवली.

“अहो, गंमत केली. खिलाडूवृत्ती ठेवा. मैदानावर एवढे धक्के खाता.”

“मैदानावर नियमबाह्य धक्का दिला की शिट्टी वाजते, आणि सर्वांदेखत दंड होतो. शब्द मागे घ्या.”

“इथे जपानात कुठली आलीय जात?”

“तुम्ही आणलीत. सामानातून.”

मुलीला घेऊन मी बाहेर पडलो. स्टेशनच्या फलाटावर तिला त्या शब्दाचा पूर्ण अर्थ सांगितला. काही लपवले नाही. ती म्हणाली, “मग ते हसले का?” मला उत्तर माहीत होते. तिच्या वयाला ते सांगवेना. तो राग आजही जसाच्या तसा आहे.

मंडळाला पत्र लिहिले. उत्तर आले: विषय वाढवू नये. मी वाढवला. पुन्हा लिहिले, लिहीत राहिलो. दरम्यान गुडघा निकामी झाला, करार संपला, केस पांढरे झाले. मध्यंतरी अध्यक्षांचा फोन आला. “आता वय झालं आपलं. घरी या, चहा घेऊ, मिटवू.”

मी गेलो नाही. बंद दाराआडची दिलगिरी मला अमान्य आहे. आपण काय बोललो आणि का बोललो, हे त्यांनी भर सभेत सांगावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. माझी मुलगी आता सज्ञान आहे. माझ्या तक्रारीखाली तिचीही सही असते. माझ्यानंतर ती एकटी सही करील. तक्रार मागे घेतली जाणार नाही.