खांद्यावरची कुऱ्हाड

माझ्या थोरल्या भावाने धाकट्याला मारलं. हे वाक्य मी जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत कधी उच्चारलेलं नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. सुरुवातीला बायका साखर मागायला म्हणून यायच्या आणि वाटी हातात धरून बसून राहायच्या. मी साखर द्यायचे आणि दाराकडे बघायचे. तेव्हापासून मी तुसडी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

माहेर मैंदर्गीच्या पुढे, माळावर. मेंढरं, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडील लवकर गेले. आईला आम्ही अव्वा म्हणतो, तिकडे कानडी जास्त. थोरला मेंढरांमागे फिरायचा. धाकट्याला त्या सगळ्याचा वीट आला होता. तो टेंभुर्णीला कुणाच्या तरी ट्रकवर जायचा आणि घरी आला की स्वतःच्या टेम्पोच्या गोष्टी सांगायचा. एकदा कळपातल्या एका मेंढ्याचा पाय दुखावला म्हणून थोरल्याने त्याला घरीच बांधून ठेवलं होतं. धाकट्याने तो कुणाला न विचारता बाजारात नेऊन विकला. थोरल्याने तो मेंढा लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलेला.

दिवस मावळताना थोरला मेंढरं घेऊन परतला आणि रिकामा खुंटा बघितला. शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने त्याला छातीवर ढकललं. थोरल्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती, ती त्याने एकदाच चालवली. मग त्यानेच धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला.

हे बघणारी एकटी अव्वा होती. भावकीतले लोक तिला समजावायला आले. "एक तर गेलाच. दुसरा तरी राख. मला दिसलं न्हाय म्हण."

"गेलेला बी माजाच हाय की," अव्वा म्हणाली. "खोटं बोलून त्याला आनि कुटं लोटू?"

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी कुऱ्हाड घेऊन आला होता का? अव्वा म्हणाली, "व्हय." आमच्या वकिलांनी मग तिच्या डोळ्यांना किती दिसतं याच्यावरच सगळी हुशारी खर्च केली. मीही त्याच माळावर वाढलेली, भावकीतले सगळे तर अजून तिथेच राहणारे, पण त्या एका शब्दात आमच्यापैकी कुणालाच काही खटकलं नाही. निकालात आलं की आरोपी हत्यार घेऊन तयारीने आला. जन्मठेप झाली.

मग अपील. अपील म्हणजे वाट बघणं, हे मला त्या वर्षांनी शिकवलं. अव्वाने मेंढरं काढून टाकली, चार शेळ्या ठेवल्या. तिला दम लागायचा, ओट्यावर चढताना भिंत धरावी लागायची. फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "माज्या जित्तेपनी यील का गं त्यो?" मी यील म्हणायचे. खोटं बोलायचं काम माझ्याकडे होतं.

अपिलासाठी आम्ही नवीन वकील धरल्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी सगळे कागद वाचले आणि अव्वाला बोलावून घेतलं.

"मावशी, कुऱ्हाड त्यांनी आणली कुठून?"

"कुटनं म्हंजे? खांद्यावर हुती की."

"रोज असायची?"

अव्वाने माझ्याकडे असं बघितलं, की या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. "मग शेळ्यास्नी बाभळीचा पाला कोन पाडनार? त्याच्या बाच्या बी खांद्यावर हुती. मेंढरामागं जानारा कुराडीबिगार जातुय व्हय?"

"मग हे कोर्टात का नाही सांगितलं?"

"कुनी इचारलंच न्हाय की. पटका बांदला हुता का, ते तरी कुटं इचारलं?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला त्या टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांचा तुरुंग, आणि तो सुद्धा अशा गोष्टीपायी, जी आम्हाला सांगण्यासारखी वाटली नव्हती! बाई म्हणाल्या, आता नवीन काही सांगता येत नाही, खालच्या कोर्टात जे बोललं गेलं त्याच्यावरच अपील चालतं. परतताना रिक्षात मी अव्वाकडे पाठ करून बाहेर बघत बसले.

चार-आठ दिवसांनी बाईंचाच फोन आला. अव्वाची साक्ष त्यांनी पुन्हा वाचली होती. कुऱ्हाडीच्या प्रश्नाआधी ती आपणहून म्हणाली होती, थोरला मेंढरं घेऊन आला. "मेंढरं हाकत कुणी खून करायला येत नाही," बाई म्हणाल्या. एवढ्यावरच त्या हायकोर्टात उभ्या राहिल्या. आणि कोर्टाला ते पटलं. रागाच्या भरात घडलं, ठरवून नाही, आणि भोगली तेवढी शिक्षा पुरे. मी स्वयंपाकघरात मोठ्याने रडले. ऐकू दे सोसायटीला, म्हटलं.

थोरल्याला घेऊन मी माळावर गेले. तो म्हातारा दिसत होता. अव्वा चुलीपुढे होती. तो पाया पडायला वाकला, तेव्हा ती म्हणाली, "हात धू. बस." तिने त्याच्या ताटात दोन भाकरी आणि पिठलं वाढलं आणि समोर बसून बघत राहिली. त्याने पहिला घास घेतला. मला वाटलं, झालं, आता सुटलो सगळे.

"तुला सोडवायचं हुतं, सोडवलं," अव्वा म्हणाली. "आता माज्या म्होरं बसून जेवू नगंस, बाबा. तुज्या शेजारी मला त्यो दिसतुय."

ताट उचलून थोरला बाहेर गेला आणि रिकाम्या मेंढवाड्यात भिंतीला टेकून बसला. मी दारात उभी राहिले.

तिने तव्यावर आणखी एक भाकरी टाकली, शेकली आणि माझ्या हातात दिली.

"त्याला दोन पुरत न्हाईत," ती म्हणाली. "नेऊन दे."