लोखंडातली माया

शिंपीणबाई तशा फटकळ, पण नगरपालिकेची नोटीस आली आणि त्या हबकल्याच. वरच्या भाड्याच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याला कठडा नाही. शुक्रवारपर्यंत बसवा, नाहीतर खोलीला सील. भाडेकरू म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. नजर अधू, मागेपुढे कोणी नाही. या वयात त्यांना दुसरी खोली कोण देणार? 

वेल्डरला माप घ्यायला सवड नव्हती. बाईंनी गळ्यातली टेप काढली, स्वतःच जिना मापला आणि आकडे कळवून टाकले. जन्मभर लोकांचे कपडे बेतलेली बाई ती! हात सवयीने चालला आणि कापडात शिवणीसाठी सोडतात तशी मापात सढळ माया धरली गेली.

गुरुवारी कठडा आला, जिन्याला लावून पाहिला तर खालच्या पायरीच्या हातभर पुढे.

"मावशी, हे काय हो?" वेल्डरने कपाळाला हात लावला.

"माया ठेवलीय. शिवणीत जाते ना थोडी."

"लोखंडाला कसली आलीय शिवण! आता दुकानात नेऊन कापायचा म्हणजे शनिवार उजाडणार."

बाई मटकन पायरीवर बसल्या. आपल्याच हाताने मास्तरांना बेघर केलं, या विचाराने त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मास्तर बाहेरून आले. रोज ते पहिली पायरी पायाने चाचपडत शोधत. आज पायाआधी हाताला लोखंड लागलं. ते थबकले.

"वहिनी, हे बरं केलंत. पायरी आली ते आधीच कळलं."

वेल्डरने मास्तरांकडे पाहिलं, मग कठड्याकडे.

"राहू दे मग. टोक तेवढं वाकवून आजच पक्का बसवून देतो, कुणाला लागायला नको."

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी कठडा गदागदा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"हा पुढे एवढा कशाला काढलाय?"

 बाईंकडून कालचा घोळ ऐकलेले मास्तरच वरून म्हणाले, "ती माया आहे, साहेब."

साहेबांना काही कळलं नाही, पण कठडा पक्का होता. त्यांनी मंजुरीची सही केली आणि ते गेले.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या वर पाहून खेकसल्या, "उभे काय राहिलात? चहा झालाय. धरून उतरा!"