पुरियाच्या तंबोऱ्यात पंचम

आमच्या गाण्याच्या बाई आज पहाटे गेल्या.
त्या जन्मभर भीत होत्या.

हे दुसरं वाक्य मी सकाळपासून खोडतेय आणि परत लिहितेय. अशा पोस्टमध्ये असं लिहितात का? पण ‘धीराच्या होत्या’ असं लिहिलं, तर बाईंनाच पटणार नाही.

लोहाऱ्यात त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्यांना आठवत असेल. क्लासमध्ये बाई पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडं करून बसायच्या. चपला उंबऱ्याबाहेर नाही, हाताशी.

ही सवय त्यांना त्यांच्या उस्तादांकडून लागली. चाँदचाचांकडून.

चाचा सारंगी वाजवायचे. संस्थान विलीन झालं त्या धामधुमीत त्यांच्या थोरल्या भावाला घरातून जीपमध्ये घालून नेलं. तो परत आला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं, बाहेर जीप वाजली की चाचांचा गज तारेवर थांबायचा.

चाचांची सारंगी, अणदूरच्या धोंडिबा गुरवांचा तबला आणि बाईंचा तंबोरा. बाई तेव्हा विशीतल्या, शाळेत मास्तरीण. संध्याकाळी तिघं मिळून पोरांना शिकवायचे, आणि कुणी बोलावलं तर घरच्या बैठकीत वाजवायचे.

बायकांनी पुरुषांच्या बैठकीत बसायचं नाही, असे ते दिवस. बाईंच्या भावानं एकाच अटीवर परवानगी दिली होती.

“एक जरी बोल ऐकून घ्यावा लागला, तर तंबोरा माळ्यावर.”

जळकोटच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी बैठक होती. त्यांच्या वडलांचं, आबांचं वर्षश्राद्ध. आबांचा आवडता राग पुरिया, म्हणून दिवेलागणीला पुरियाच वाजवायचा. आबांच्या फोटोपुढं निरांजन लावायचं, आणि ते शांत होईपर्यंत वादन थांबवायचं नाही. त्या घरची रीतच तशी.

चाचा आतल्या खोलीत सारंगी मिळवत होते. बाई सोप्यात तंबोरा जुळवत होत्या. तेवढ्यात घरचा पुतण्या शेजारी येऊन उभा राहिला.

“मास्तरीणबाई, म्हातारा नीट वाजवंल ना? आबांचा दिवस हाय. इस्कोट झाला, तर घरी कसा जातो ते बघतोच.”

असं म्हणून तो हसला. थट्टा होती की नाही, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुरियात पंचम नसतो. म्हणून तंबोऱ्याची पहिली तार एरवीसारखी पंचमात न लावता निषादात लावतात. बाईंना हे पाठ होतं. पण बोटं कापत होती, आणि कापणारी बोटं रोजच्या सवयीनं चालतात.

त्यांनी पंचम लावला.

चाचा येऊन बसले. निरांजन लागलं. तंबोरा सुरू झाला.

पहिल्याच छेडीला चाचांनी बाईंकडं बघितलं. “तेव्हा कळलं मला,” बाई सांगायच्या. “पंचम लावलाय मी.”

चाचा नुसतं म्हणाले असते, “बेटी, निषाद लाव,” तरी पुरलं असतं. पण तार जुळवायला थांबून रीत मोडली असती, आणि चूक कुणाची ते भरल्या सोप्यात कळलं असतं. बाईंच्या भावाची अट चाचांना माहीत होती.

त्यांनी गज उचलला आणि पुरिया धनाश्री सुरू केला. वेळ तीच, संध्याकाळची. पण या रागात पंचम असतो. तंबोरा बरोबर ठरला.

सारंगीच्या खालच्या तारा मात्र पुरियाला मिळवलेल्या. त्या नीट साथ देईनात.

धोंडिबा तबल्यावर वाकून कुजबुजले, “चाचा, काय करायलाव?”

चाचा वाजवत राहिले.

मग कोपऱ्यातून एक म्हातारे वकील मोठ्यानं म्हणाले, “हा पुरिया न्हाय.”

पुतण्या दारात येऊन उभा राहिला.

चाचांची नजर दाराकडं गेली, पण गज थांबला नाही. वाजवता वाजवताच म्हणाले, “जी हुजूर. चूक माझी हाय. उमर झाली, ध्यानात राहिलं न्हाय.”

पुढचं मला बाईंनी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा वेगळं. एकदा म्हणाल्या, मालक “वाजवा” म्हणाले. एकदा म्हणाल्या, कुणीच काही बोललं नाही. मला वाटतं, तेव्हा बाईंना काही ऐकूच आलं नसेल.

निरांजन शांत झालं तेव्हा वादन संपलं. कुणी वाहवा केली नाही. कुणी अडवलंही नाही. त्या घरानं त्यांना परत कधी बोलावलं नाही.

हायवेवर एसटीची वाट बघताना धोंडिबा म्हणाले, “उमर झाली म्हणं! परवाच्याला तर पोरींपुढं मिशा काळ्या करून आलाव.”

एक जीप गेली. चाचा झाडामागं सरकले.

बाईंनी विचारलं, “चाचा, मघाशी भ्या न्हाय वाटलं?”

“लई वाटलं, बेटी. अजून वाटायलंय.”

“मग?”

“मग काय. तुजा तंबोरा चालू होता की.”

मी एकदा म्हटलं, “बाई, किती शूर होते चाचा.” बाई चिडल्या. “शूर म्हणू नगंस. शूराला वाजवायला काय लागतंय? ते भित्रे होते.”

मी आठवीत असताना गॅदरिंगला बाईंच्या गाण्यासाठी तंबोरा चुकीचा लावला होता. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि माइकवर सांगितलं, “आज मी दुसरंच गाणार हाय.” घरी जाताना एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प का राहिल्या, ते मला जळकोटची गोष्ट ऐकल्यावर कळलं. खरं तर आज कळतंय.

संध्याकाळी बाईंच्या घरी सगळे जमणार आहेत. ग्रुपवर मेसेज आलाय: पुरिया गायचा, तंबोरा तू लाव.

मी दाराकडं तोंड करून बसलेय. चपला हाताशी आहेत. पहिली तार निषादात लावायचीय आणि बोटं पंचमाकडं जातायत.

सूर चुकला, तर राग बदलायला आज तुम्ही नाही, बाई.

निघा तुम्ही. तंबोरा थांबणार नाही.